वादळाआधीची ओळख
आता तुम्ही विचाराल, स्वतःच्या संग्रहालयात कामाचा ढीग पडलेला असताना माणूस प्रादेशिक संघटनेच्या संचालक मंडळावर, तेही बिनपगारी, कशाला जातो? अमेरिकेतल्या आग्नेय भागाचं उदाहरण घेऊ. तिथे १२ राज्यांतल्या संग्रहालयांची मिळून एक संघटना आहे. २००५ साली कॅटरिना चक्रीवादळात, मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावी, बांधकाम चालू असलेल्या ओहर-ओकीफ संग्रहालयावर चक्क एक तरंगता कॅसिनो येऊन आदळला! अशा वेळी एकटं संग्रहालय काय करणार? भिजलेल्या वस्तू कोण वाचवणार, कोरडी जागा कोण देणार, हे शेजाऱ्यांनाच विचारावं लागतं. आणि ती ओळख वादळाआधीच झालेली असावी लागते. मंडळाच्या बैठका, परिषदा यांतूनच ती होते. म्हणूनच तिथे बसणाऱ्यानं फक्त आपल्या संग्रहालयापुरतं बघून चालत नाही. सगळ्यांचं बघावं लागतं.