द्विमितीय पदार्थांतील विकृती आणि विद्युत-चुंबकीय गुणधर्म

प्रस्तावना

आदिलाबादसारख्या सीमावर्ती जिल्ह्यात भौतिकशास्त्राच्या एकाच वर्गात मराठी, उर्दू, तेलुगू बोलणारे विद्यार्थी असतात. अशा वर्गात पारिभाषिक शब्दाचा अर्थ आधी निश्चित करावा लागतो. बोलीत ‘ताण’ हा शब्द बलासाठीही येतो व त्यामुळे झालेल्या बदलासाठीही. शास्त्रात एकक क्षेत्रफळावरील बल म्हणजे प्रतिबल, तर मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल म्हणजे विकृती होय. १०० मिमी पट्टी १ मिमीने वाढली की विकृती १ टक्का. व्यवहारात विकृती म्हणजे बिघाड. येथे मात्र ती गुणधर्म बदलण्याचे साधन आहे.

द्विमितीय पदार्थच का?

आंद्रे गाइम व कोन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये चिकटपट्टीच्या साहाय्याने ग्राफाइटपासून एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा केला. २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २००८ च्या मापनानुसार ग्राफीन तुटण्यापूर्वी सुमारे २५ टक्के ताणले जाऊ शकते. साधे ठिसूळ स्फटिक त्याआधीच तडकतात.

विद्युत गुणधर्म

इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूकडे किती सहज जातो, हे अणूंमधील अंतरावर अवलंबून असते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकेरी थरात इलेक्ट्रॉनला सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा-दरी ओलांडावी लागते. २०१३ च्या प्रकाशीय मापनांत १ टक्का विकृतीमागे ही दरी सुमारे ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टने घटली.

ग्राफीनमध्ये असमान विकृतीचा परिणाम वेगळाच होतो. २०१० मध्ये प्लॅटिनमवरील ग्राफीनच्या सूक्ष्म फुगवट्यांत इलेक्ट्रॉन ३०० टेस्लांहून प्रबळ चुंबकीय क्षेत्रात असल्यासारखे वागताना आढळले. हे क्षेत्र आभासी होते. तेथे चुंबक नव्हता.

चुंबकीय गुणधर्म

काही थर मात्र खरोखर चुंबकीय असतात. क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइडमध्ये लगतच्या थरांचे चुंबकत्व अतिथंड तापमानात परस्परविरुद्ध दिशांना असते. २०२२ च्या प्रयोगात स्फटिक ताणताच सर्व थरांची दिशा एक झाली. ताण काढताच मूळ स्थिती परतली. विकृतीमुळे थरांमधील चुंबकीय आंतरक्रियेचे स्वरूपच पालटले होते.

समारोप

हे चुंबकीय प्रयोग अद्याप प्रयोगशाळेपुरते आहेत, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. परंतु मूळ तत्त्व व्यवहारात आलेले आहे : २००३ पासून संगणकाच्या चिपमध्ये ताणलेले सिलिकॉन वापरले जाते, कारण त्यातून इलेक्ट्रॉन अधिक वेगाने वाहतात. पदार्थ कशाचा बनला आहे, एवढ्यावर त्याचे गुण ठरत नाहीत. अणू एकमेकांपासून किती दूर आहेत, यावरही ठरतात. हिरा व ग्राफाइट शिकवताना हा मुद्दा सहज जोडता येईल.