'इज'नंतरचे 'दॅट'

इंग्रजीत 'टू बी' या क्रियापदाच्या 'इज', 'वॉज' अशा रूपांनंतर 'दॅट'ने सुरू होणारे उपवाक्य आले, की ते कर्त्याचा आशय उलगडते. 'द प्रॉब्लेम इज दॅट द बस लेफ्ट अर्ली' या वाक्यात अडचण नेमकी कोणती, हे 'दॅट'पासून पुढचा भाग सांगतो. व्याकरणात हे उपवाक्य कर्त्याचे पूरक ठरते. कर्त्याच्या जागी बहुधा भाववाचक नाम असते: प्रॉब्लेम, फॅक्ट, ट्रूथ, होप, रीझन.

मराठीत हेच काम 'की' करते: 'अडचण अशी की, बस लवकर सुटली.' इथे 'अशी' हा शब्द पुढच्या मजकुराची चाहूल आधीच देतो. इंग्रजीला अशा शब्दाची गरज पडत नाही.

या रचनेतल्या 'दॅट'वर आघात नसतो, त्यामुळे त्यातला स्वर अगदी पुसट उच्चारला जातो. बोलताना तो शब्द अनेकदा गळतोच आणि त्या जागी किंचित थांबतात: 'द थिंग इज, आय अ‍ॅम टायर्ड.' काही जण बोलण्याच्या ओघात 'द थिंग इज, इज दॅट...' असा 'इज' दोनदा उच्चारतात. प्रमाण लेखनात मात्र तो एकदाच येतो.

कारण सांगताना 'द रीझन इज बिकॉज' ही रचना बोलण्यात सर्रास आढळते. औपचारिक लेखनात 'द रीझन इज दॅट' पसंत करतात. सूचना असेल तर क्रियापदाचे मूळ रूप येते: 'माय सजेशन इज दॅट ही गो.' ब्रिटिश वापरात इथे 'शुड गो'ही रूढ आहे.