जप्ती एकाच्या नावावर, घर सगळ्यांचं: मग वाटणी कशी?

आजचा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय: नवऱ्याच्या मालमत्तेवर कोर्टाची जप्ती आली, तर गावच्या घराचं काय?

समजा, मालवण तालुक्यातलं वडिलोपार्जित घर. आई-वडील हयात नाहीत. तीन भाऊ, एक बहीण. मोठा मुंबईत, धंद्यात बुडाला. बायको-मुलं गावच्या घरात. चतुर्थीला सगळे जमतात आणि धाकटा दीर म्हणतो, "वयनी, आता वाटणी करून टाकूया."

थांबा. आधी जप्ती म्हणजे काय ते बघू.

जप्तीने मालकी लगेच जात नाही. विकणं, बक्षीस देणं थांबतं. पण जप्तीनंतर मोठ्या भावाने घाईघाईने बायकोच्या किंवा भावाच्या नावे हक्कसोडपत्र केलं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 64 प्रमाणे ते धनकोच्या दाव्यापुढे टिकत नाही. उलट संशय वाढतो.

मग बाकीच्यांचं काय? जप्ती लागते ती त्याच्या हिश्श्याला. बहिणीचा हिस्सा धरून इथे साधारण पाव. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे.

खरी गोची कागदात असते. आपल्याकडे घरपट्टी भरतो म्हणून असेसमेंट मोठ्याच्या नावावर. समोरच्याला ते सगळं घर त्याचंच वाटतं! असेसमेंट हा कराचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. पण हे कोर्टात सांगावं लागतं. त्यासाठी आदेश 21, नियम 58 खाली हरकत घ्यायची. तीही लिलावाआधी, घर विकलं गेल्यावर ही हरकत ऐकली जात नाही. सातबारा, जुने फेरफार, वारस नोंदी आत्ताच काढून ठेवा. वाटणी करायचीच तर दिवाणी कोर्टात, जप्ती उघड सांगून.

आता वयनीचं. नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून ते आपोआप तिचं होत नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेलं आणि स्त्रीधन तिचंच. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सासरच्या घरात राहण्याचा हक्क मिळतो, पण तो मालकीचा नाही. मुलांचा मात्र वडिलोपार्जित हिश्श्यात जन्मतः हक्क असू शकतो. तो वकिलाला आवर्जून विचारा.

गंमत म्हणजे तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलात की चित्र बदलतं. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. आपल्याकडे तसं नाही, म्हणून आपल्याला कागद लागतात.

आणि जप्ती ईडीची असेल तर? तात्पुरती जप्ती जास्तीत जास्त 180 दिवसांची. पुढे ती कायम करायची की नाही हे न्यायनिर्णय प्राधिकरण ठरवतं. तिथे बायको-भावंडांनाही बाजू मांडता येते. आणि या तात्पुरत्या जप्तीत घरात राहणं बंद होत नाही.

तर या चतुर्थीला आरती झाली की एक काम करा: असेसमेंट कोणाच्या नावावर आहे, ते विचारा. भांडायला नाही. घर वाचवायला. भेटू पुढच्या भागात!