डोळा काढल्यानंतरची खोबण

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, वर्धा नदी आणि मध्य प्रदेशची सीमा यांच्या बेचक्यात वसलेला नरखेड तालुका संत्रा आणि कपाशी या पिकांवर जगतो. या पिकांतली अनेक कामे अशी आहेत की त्यांत काडी, काटा आणि फांदी थेट चेहऱ्यासमोर येते. संत्र्याच्या झाडावरची वाळलेली सल काढताना, जंभेरीच्या खुंटाला फुटलेले काटेरी फुटवे छाटताना किंवा हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या उपटताना डोळ्याला ओरखडा जाणे शेतकऱ्याच्या इतक्या अंगवळणी पडलेले असते की त्यासाठी दवाखाना गाठावा असे बहुतेकदा कुणाला वाटत नाही. परंतु वनस्पतीच्या काडीबरोबर बुरशीचे सूक्ष्म कण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात, शिरले तर तेथे व्रण तयार होतो. आणि डोळा लाल झाला एवढेच पाहून औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब घातले तर लाली तात्पुरती ओसरते, बुरशी मात्र आत फोफावत राहते. पुढे पारपटल फुटून संपूर्ण डोळ्यात पू झाला, की दृष्टी आधीच गेलेली असते, वेदना थांबत नाहीत, आणि डोळा काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

इतर कारणेही आहेत. तालुक्याला लागून असलेल्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठी होणाऱ्या गोटमारीतली दगडफेक, दिवाळीचे फटाके आणि मुलांच्या विटीदांडूतली विटी यांनी नेत्रगोलक फुटू शकतो. लहान मुलांत दृष्टिपटलाचा कर्करोग होतो, ज्याची पहिली खूण बहुधा बाहुलीत दिसणारी पांढरी चमक ही असते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने विदर्भाला ग्रासले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत ही बुरशी नाकाच्या पोकळ्यांतून डोळ्याच्या खोबणीत शिरत असे, आणि ती मेंदूपर्यंत पोहोचू नये म्हणून काही रुग्णांचे डोळे काढावे लागले. त्यावरील अँफोटेरिसिन-बी या औषधाची टंचाई त्या वेळी इतकी तीव्र होती की मे २०२१ मध्ये वर्ध्यातील एका कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू करण्यात आले.

डोळा काढण्याच्या शस्त्रक्रिया तीन प्रकारच्या असतात. एन्युक्लिएशनमध्ये डोळ्याला फिरवणारे स्नायू सोडवून व दृष्टिमज्जातंतू कापून अख्खा नेत्रगोलक बाहेर काढतात. कर्करोगात हीच पद्धत वापरतात आणि मज्जातंतूचा शक्य तितका लांब तुकडा सोबत घेतात, कारण रोग त्याच वाटेने मेंदूकडे सरकतो. इव्हिसरेशनमध्ये डोळ्याचे पांढरे बाह्य कवच व त्याला चिकटलेले स्नायू जागेवर ठेवून फक्त आतला भाग काढला जातो. पू झालेल्या डोळ्यासाठी ही पद्धत बरी मानतात, मात्र कर्करोगाची शंका असेल तर ती करीत नाहीत. तिसऱ्या, एक्झेंटरेशन नावाच्या शस्त्रक्रियेत नेत्रगोलकाबरोबर खोबणीतले इतर मांसल भागही जातात, आणि म्युकरमायकोसिसच्या काही रुग्णांवर हीच वेळ आली.

प्रौढ नेत्रगोलकाचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर असतो. एवढी जागा रिकामी राहिली तर वरची पापणी आत खचते, म्हणून पहिल्या दोन प्रकारांत बहुधा त्याच शस्त्रक्रियेत आत एक गोळा बसवून त्यावर ऊती शिवतात. इंग्लंडमध्ये फिलिप म्यूल्स या शल्यविशारदाने १८८० च्या दशकात यासाठी काचेचा पोकळ गोळा वापरला होता; आज अॅक्रिलिक, सिलिकॉन किंवा सच्छिद्र पदार्थांचे गोळे मिळतात. हा गोळा बाहेरून दिसत नाही. लोक ज्याला नकली डोळा म्हणतात तो म्हणजे पापण्यांआड बसणारा अॅक्रिलिकचा पातळ वाटीसारखा कवचा असतो. जखम भरेपर्यंत त्या जागी प्लास्टिकची पारदर्शक चकती ठेवतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, सूज उतरल्यावर, खोबणीचे माप घेऊन दुसऱ्या डोळ्याशी जुळणारा रंग भरलेला कवचा बनवतात.

खरी हेळसांड येथून पुढे होते, कारण टाके सुटले की उपचार संपला असे रुग्ण व नातेवाईक धरून चालतात. खोबण ही जिवंत, ओलसर अस्तराने आच्छादलेली जागा आहे. कवचा दीर्घकाळ काढून ठेवला तर ती आकसते आणि नंतर तो बसतच नाही. उलट त्याची वारंवार काढघाल केल्यानेही अस्तर चिडते. त्यामुळे डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर तो रात्रीही डोळ्यातच ठेवावा, काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, आणि कवचा सौम्य साबण व उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावा. स्पिरिट किंवा उकळते पाणी अॅक्रिलिक खराब करते. डोळा पुसताना बाहेरून नाकाकडे पुसल्यास कवचा पापणीतून निसटत नाही. थोडासा चिकट स्राव नेहमीचाच असतो, पण तो पिवळा-हिरवा झाला, रक्त आले, खोबण दुखू लागली किंवा आतला गोळा उघडा दिसू लागला तर विलंब न करता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. वर्षातून एकदा कवच्याची तपासणी व पॉलिश, आणि सुमारे पाच वर्षांनी नवा कवचा, हा सामान्य क्रम आहे. मुलांत चेहऱ्याची हाडे वाढत असल्याने तो अधिक लवकर बदलावा लागतो.

एका डोळ्याने अंतराचा अंदाज घेणे सुरुवातीला अवघड जाते आणि काही महिन्यांत मेंदू ते बऱ्याच अंशी शिकतो, मात्र उरलेल्या डोळ्याच्या संरक्षणासाठी पॉलिकार्बोनेटचा चष्मा आयुष्यभर हवा. कायद्याची चौकट येथे तोकडी पडते. केंद्र सरकारच्या मूल्यमापन सूचनांप्रमाणे एक डोळा पूर्ण गेलेला व दुसरा चांगला असलेल्या व्यक्तीचे अपंगत्व ३० टक्के धरले जाते, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. परिणामी, दर काही वर्षांनी लागणाऱ्या कवच्याचा, आणि तो करून घेण्यासाठी नागपूरला मारलेल्या खेपांचा, खर्च बहुधा कुटुंबालाच सोसावा लागतो. तेव्हा तालुक्यात मोतीबिंदूची जी शिबिरे भरतात त्यांतच खोबणीची तपासणी आणि जुन्या कवच्यांचे पॉलिश यांची सोय करणे हा आजच्या व्यवस्थेत सहज शक्य असलेला उपाय आहे.