गिअर बॉक्स बसला : दुरुस्त करावा की बदलावा?

लकडगंजात लाकडाचा ट्रक उभा दिसला तर कोणी वळून पाहत नाही. आरा मशीनींचा आवाज, सागवानाचा भुसा, हमालांची धावपळ आणि ट्रकांच्या रांगा हे तिथले रोजचेच चित्र आहे. बल्लारपूर-आलापल्लीकडच्या सागवानाचे नाव देशभर आहे. २०२३ साली दिल्लीत उघडलेल्या नव्या संसद भवनाचे सागवानही नागपूरहूनच गेले. हे लाकूड वाहणाऱ्या कित्येक गाड्या मात्र एकेकट्या मालकांच्या असतात. घरचा कर्ताच ड्रायव्हर, घरातली बाई खजिनदार, आणि गाडी बसली की घर बसले.

असेच एक कुटुंब आमच्या वस्तीत आहे. सहा चाकी टाटा, अकरा वर्षांची, जुनी म्हणून फायनान्सवर घेतलेली. भंडाऱ्याकडे फाटे घेऊन निघालेली ही गाडी पारडीच्या अलीकडेच थांबली. तिसरा गिअर सुटू लागला, मग खडखडाट, मग काहीच लागेना. गाडी ओढून लकडगंजच्या गॅरेजात आणली. रात्री आम्हाला फोन आला, "जयभीम भाऊ. मिस्त्री म्हणून राहिला का गेर बॉक्स नवाच टाका. तुमचं शिकणं हिशेबाचं, उद्या येता का?"

वाचकहो, आम्ही कारकुनी करणारी माणसे. आम्हाला गाडीतले काय कळणार? पण गेलो. तिथे वहिनीही आल्या होत्या. गळ्यातली पोत गहाण ठेवायची तयारी करूनच त्या आल्या होत्या, हे आम्हाला नंतर समजले.

गॅरेजात जमलेल्या मंडळींची तीन मते पडली. मिस्त्री म्हणाला नवा टाका. शेजारचे एक ट्रकमालक म्हणाले कबाडीतून जुना आणा, अर्ध्या खर्चात काम होईल. घरमालक म्हणाले, तुटलेला तेवढा गिअर बदला आणि चालू द्या, हप्ता तोंडावर आला आहे. गंमत अशी की तोवर बॉक्स कोणी उघडलाच नव्हता. रोग्याला न तपासता तीन वैद्य भांडत होते म्हणा ना!

पुढच्या दोन दिवसांत एका वयस्क कारागिराकडून आम्ही जे शिकलो ते येथे देतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज लागतात आणि चालू केल्यावर एकही लागत नाही, तर दोष बहुधा क्लचचा असतो. बॉक्स उघडण्याचा खर्च फुकट जातो. न्यूट्रलमध्ये घरघर होते आणि क्लच दाबताच ती थांबते, तर बॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर संशय घ्यावा. एकच गिअर सुटतो किंवा कुरकुरतो, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग, दात किंवा फोर्क पाहावा. मग तेल काढून पाहावे. बुडाच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी चिखल असेल तर ती नेहमीची झीज. पिवळे कण म्हणजे पितळी रिंग गेली. पोलादाचे तुकडे निघाले तर दात तुटले. आणखी एक : गिअर बॉक्स गेलेली गाडी ओढून आणताना मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट सोडून ठेवावा. इंजिन बंद असले की आतले तेल वर उडत नाही, पण मागची चाके शाफ्ट फिरवतच राहतात आणि उरलासुरला भागही कोरडा घासला जातो. हे आमच्या मालकांना ठाऊक नव्हते.

बॉक्स उघडला. खालच्या शाफ्टची बेअरिंगे जळाली होती आणि तिसऱ्या गिअरचे दोन दात उडाले होते. पण कारागिराने आधी रिकामा खोका पुसून घेतला आणि बेअरिंग बसते त्या घरात बोट फिरवले. बेअरिंग आपल्या घरातच फिरले असते तर ते घर झिजले असते, मग आत सोन्याचे गिअर बसवले तरी ते टिकले नसते. तसे झाले असते, किंवा खोक्याला तडा असता, तर दुरुस्तीचा विषय तिथेच संपला असता. खोका शाबूत निघाला.

आता आमचे काम सुरू झाले. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गाडीचे भरावेत. हप्ता, विमा, कर आणि क्लीनरचा पगार मिळून महिन्याला ४५,००० रुपये जातात असे धरू, म्हणजे गाडी उभी असली तरी दिवसाला १,५००. दुरुस्तीला ४५,००० आणि आठ दिवस लागले, तर खर्च ५७,०००. कंपनीने पुन्हा तयार केलेला बॉक्स १,२०,००० ला मिळाला आणि दोन दिवसांत बसला, तर १,२३,०००. टाटा मोटर्सची 'प्रोलाइफ' योजना अशीच आहे. जुना भाग देऊन तयार केलेला भाग घ्यायचा. दुरुस्ती वर्षभर टिकली तर महिन्याला ४,७५० पडतात. दुसरा बॉक्स तीन वर्षे टिकला तर सुमारे ३,४२० च पडतात. म्हणजे महाग तेच स्वस्त! पण गाडीच दीड वर्षात काढायची असेल तर त्याच बॉक्सचे महिन्याला ६,८३३ होतात, आणि दुरुस्ती दोनदा करावी लागली तरी १,१४,००० त भागते. म्हणून आम्ही मालकांना विचारले, "गाडी अजून किती वर्षं ठेवणार?" ते गप्प झाले. हा विचार त्यांनी केलाच नव्हता.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी घ्यावा लागतो. केबिनचा पत्रा, चेसिस आणि इंजिन पाहून दोन वर्षे असे ठरले. त्यावरून दुरुस्तीकडे कौल गेला, पण "तुटलेला तेवढा गिअर" अशा दुरुस्तीकडे नव्हे. नवा गिअर झिजलेल्या जोडीदाराबरोबर फिरला की पुन्हा आवाज आणि पुन्हा झीज. म्हणून गिअर जोडीने, सगळी बेअरिंगे, सगळे ऑइल सील. आमच्या मते अर्धवट दुरुस्ती हाच सर्वांत महाग पर्याय. कबाडीतल्या बॉक्सलाही आम्ही नकार दिला. तो आत काय लपवून आहे ते कळत नाही, आणि बाहेरून सारखा दिसला तरी गिअरचे प्रमाण वेगळे निघू शकते.

टाटाची गाडी असण्याचा येथे फायदा झाला. १९५४ साली टेल्कोने डेम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली, तेव्हापासून त्यांचे भाग आणि कारागीर गावोगाव झाले आहेत. भाग पक्क्या बिलाने घेतले. २८ टक्के जीएसटी असलेले सुटे भाग २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आले आहेत, तेव्हा जुन्या दराने कोणी बिल करत असेल तर विचारावे. काढलेले जुने भाग आम्ही पिशवीत घालून परत मागितले. मिस्त्री थोडा नाराज झाला, पण दिले.

बेअरिंगे जळाली कशाने, हे वहिनींनी विचारले. मागचा ऑइल सील गळत होता आणि तेल उतरत गेले, असे कारागीर म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "दोन महिने झाले, ओट्यासमोर गाडी उभी राहते तिथं काळा डाग पडते. मी यांना सांगितलं होतं." मालक मान खाली घालून बसले. सील किती रुपयांना येतो ते त्यांनी त्या दिवशी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही.

पोत गहाण पडली नाही. बचत गटाने रक्कम दिली. नवव्या दिवशी गाडी फाटे घेऊन भंडाऱ्याला गेली. वहिनींनी वहीत आता वेगळे पान केले आहे : तेल कधी तपासले, कधी बदलले, किती किलोमीटरला. त्याच पानाच्या तळाशी गटाचे हप्ते लिहिलेले असतात. अजून चार बाकी आहेत.