गोधड्यांचे प्रदर्शन

जुनी लुगडी, विटलेली धोतरे आणि उरल्यासुरल्या चिंध्या एकत्र करून गोधडी शिवणे, हे महाराष्ट्रातील स्त्रियांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. ही गोधडी आपण अंथरतो, पांघरतो, उन्हात वाळत घालतो. परंतु ती निरखून पाहत मात्र नाही. मग कोणी गोधड्यांचे प्रदर्शन भरवले, तर तेथे पाहण्यासारखे काय असणार? नित्याच्या वस्तूंकडे कसे पाहावे, याचा धडा खानदेशातील एका गावी फार पूर्वी मिळाला आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जिल्ह्यात, फैजपूर वसले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले सभेचे हे पहिलेच अधिवेशन होय. त्यासाठी उभारलेल्या 'टिळकनगरा'त खादी व ग्रामोद्योग यांचे प्रदर्शनही मांडले होते. नगर सजवण्याचे काम महात्मा गांधींनी शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बसू यांच्यावर सोपवले. शहरातून मौल्यवान सामान न आणता खेड्यात मिळेल तेच वापरावे, अशी गांधीजींची इच्छा होती. नंदलालांनी मुख्यतः बांबू घेतला, गावकऱ्यांचे हात घेतले आणि त्यांतून सुंदर नगर उभे केले. प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी त्यांच्या कलेचा गौरव केला. बांबू लोकांच्या रोजच्या पाहण्यातलाच होता. त्याचे सौंदर्य मात्र अनेकांना त्या दिवशी प्रथम दिसले असेल.

खेड्याने नंदलालांनाही पुष्कळ दिले. १९३८ साली गुजरातेतील हरिपुरा येथील अधिवेशनासाठी त्यांनी अनेक चित्रफलक रंगवले. ढोल वाजवणारा, शिंपी अशी कष्टकरी माणसे त्या चित्रांचे विषय झाली.

जे बांबूचे, तेच गोधडीचे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक लहान वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्या निग्रो मजुरांचे वंशज तेथे राहतात. तेथील स्त्रिया थंडीच्या निवारणासाठी जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील मोठ्या कलासंग्रहालयांत भिंतींवर टांगण्यात आल्या. त्यांतील रंगांची धिटाई पाहून कलेचे जाणकारही थक्क झाले. २००६ साली तर त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर झळकली. याच वस्तीतील मिसूरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली आपल्या दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली होती. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेची ऊब मिळावी, हा तिचा हेतू होता.

आता आपण गोधड्यांच्या प्रदर्शनास गेलो, तर काय पाहावे? प्रथम चार पावले मागे उभे राहून संपूर्ण गोधडी पाहावी. गडद तुकड्याशेजारी फिका तुकडा कोठे आला आहे आणि नजर कोठे खिळते, हे ध्यानात घ्यावे. मग जवळ जाऊन टाके पाहावेत. गोधडीत कापडाचे अनेक थर असतात. त्या थरांमध्ये हवा अडकून राहते व शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून साधा धावदोरा घालतात. जो टाका कापड धरून ठेवतो, तोच गोधडीवर ओळींची नक्षीही उमटवतो. उपयोग आणि शोभा येथे एकाच दोऱ्यात ओवलेली असतात. बंगालमधील 'कांथा'ही जुन्या साड्यांचीच; पूर्वी तिच्यासाठी साड्यांच्या काठांतील रंगीत दोरे उसवून घेत.

असे पाहिले, म्हणजे मनात नवी कल्पना आपोआप जागी होते. पाहिलेली गोधडी जशीच्या तशी उतरवून काढणे म्हणजे केवळ नक्कल होय. तिच्या करणारणीने हाताशी असलेल्या तुकड्यांतून मार्ग कसा काढला, हे समजून घेऊन आपण आपल्या जवळच्या साहित्यातून, मग ते कागदाचे कपटे असोत वा वाळलेली पाने, स्वतःचे काही निर्माण करावे.

आज बाजारात तयार चादरी व ब्लँकेटे सहज मिळतात. त्यामुळे हाताने गोधडी शिवणे कमी होत चालले आहे. चित्राखाली चित्रकाराची सही असते; घरच्या गोधडीवर बहुधा कोणाचेच नाव नसते. तुमच्या घरी जुनी गोधडी असेल, तर ती अंगणात पसरा आणि आजीला शेजारी बसवा. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, ती गोधडी कोणी व केव्हा शिवली, हे तिला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ज्या प्रदर्शनाला तिकीट लागत नाही, असे हे तुमच्याच घरातील प्रदर्शन आहे.