सरासरी गाठली, पाणी कुठे गेलं?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूरला वेढलं होतं, तेव्हा मराठवाड्यातली कित्येक गावं टँकरची वाट पाहत होती. सह्याद्री ढग अडवतो आणि पूर्वेला पर्जन्यछाया पडते, हे जुनं कारण आहेच. पण डोंगर होता तिथेच आहे. बदललं आहे ते वरची हवा आणि पश्चिमेचा समुद्र.

हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस लांबतो आणि आला की कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठा प्रदेश व्यापणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस मात्र घटला. अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आता झोताझोताने येतं.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याला एवढा पाऊस सहसा वर्षभरातही मिळत नाही.

शेतकऱ्याला वार्षिक बेरजेचा उपयोग नाही. काळ्या रानात भीजपाऊस मुरतो, वापसा येतो. तेवढंच पाणी तासाभरात पडलं तर वरचा थर फुगून भेगा मिटतात आणि पाणी माती घेऊन ओढ्याला लागतं. पुढे खंड पडला की तापलेली हवा उरलेली ओलही शोषते, आणि ऐन फुलोऱ्यातलं सोयाबीन माना टाकतं. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच दुष्काळी मराठवाड्यात जमिनी खरडून गेल्या. पर्जन्यमापकाने दोन्ही वर्षांचा पाऊस इमाने नोंदवला, पण ‘सरासरीच्या इतके टक्के’ या सरकारी आकड्यात खंड दिसत नाही, हे मला फार घातक वाटतं.

सर्वात अवघड कसोटी धरणांवर लागते. पुरासाठी जागा ठेवावी तर पुढे पाऊस दडी मारण्याची भीती. भरून घ्यावं तर एका रात्रीच्या पावसाने दरवाजे उघडावे लागतात आणि विसर्ग खालच्या गावांत शिरतो. जलाशय कोणत्या तारखेला किती भरायचा, याचे आराखडे मागच्या पावसाच्या नोंदींवर बेतलेले असतात. ते दर काही वर्षांनी नव्या नोंदी घेऊन तपासायला हवेत, आणि पुढच्या आठवड्याच्या अंदाजावरून पाणी आधीच सोडण्याचा अधिकार धरणावरच्या अभियंत्याला हवा.